औषधी द्रव्याची भूमिपरीक्षा : मृदेचे आरोग्य व प्रदूषण

प्रस्तावना

औषधी द्रव्य हाती आले की वैद्य त्याचे नाम, रूप, रस, गुण, वीर्य, विपाक व प्रभाव यांचा विचार करतो. द्रव्य अस्सल आहे की भेसळीचे, नवे आहे की जुने, किडलेले आहे की निर्दोष, हेही आपण पाहतो. मात्र ते द्रव्य कोणत्या भूमीत उगवले, हा प्रश्न आज क्वचितच विचारला जातो. पूर्वी वैद्य स्वतः रानात जाऊन वनस्पती गोळा करीत असे, त्यामुळे भूमीची परीक्षा आपोआप घडत असे. आज द्रव्य गोणीतून येते. गोणीवर नाव व वजन असते, भूमीचा पत्ता नसतो.

प्रस्तुत लेखात आम्ही तीन गोष्टींचा विचार करणार आहोत. संहिताकारांनी भूमीविषयी काय सांगितले. हवा, पाणी, ऋतू व प्रदूषक यांचा मृदेच्या आरोग्यावर काय परिणाम होतो. आणि दूषित भूमीतील दोष औषधातून रुग्णापर्यंत कसा पोहोचतो. द्रव्यपरीक्षेत भूमिपरीक्षेला तिचे मूळ स्थान परत मिळाले पाहिजे, हे आमचे प्रतिपादन आहे.

संहितांतील भूमिविचार

चरकसंहितेच्या कल्पस्थानात, पहिल्याच अध्यायात, औषधसंग्रहासाठी योग्य भूमीचे वर्णन आले आहे. जांगल किंवा साधारण देश, काळी अथवा सोनेरी वर्णाची मधुर मृदा, कुश व रोहिष गवत उगवणारी आणि नांगर न लागलेली भूमी प्रशस्त मानली आहे. स्मशान, सभास्थान, खड्डे, वारूळ आणि ऊषर म्हणजे खारवट जागा वर्ज्य सांगितल्या आहेत.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात हा विचार अधिक विस्ताराने मांडला आहे. भूमीचे पांचभौतिक भेद सांगून, विरेचनद्रव्ये पृथ्वी व जल महाभूतांचे आधिक्य असलेल्या भूमीतून आणि वमनद्रव्ये अग्नी, वायू व आकाश यांचे आधिक्य असलेल्या भूमीतून घ्यावीत, असे ते सांगतात. म्हणजे वनस्पती तीच असली तरी भूमीनुसार तिचे कर्म बदलते, ही जाणीव त्यांना स्पष्टपणे होती. याच अध्यायात कृमी, विष, शस्त्र, ऊन, वारा, अग्नी, पाणी, दाटी आणि मार्ग यांचा उपसर्ग न झालेली वनस्पती घ्यावी, असा निर्देश आहे. यातील शेवटचा शब्द आजच्या वैद्याने विशेष लक्षात घ्यावा. वाटेवरची वनस्पती घेऊ नये, हा नियम मोटारी धावू लागण्याच्या शेकडो वर्षे आधी घालून दिलेला आहे.

चरकाचार्यांच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय तर या विषयाचा पायाच मानावा लागेल. पांचाल देशात, कांपिल्य नगरीजवळ गंगातीरी भगवान पुनर्वसू आत्रेय अग्निवेशाला सांगतात की, वायू, जल, देश व काल हे चार भाव बिघडले म्हणजे प्रकृती, आहार, बल, वय भिन्न असलेली माणसेही एकाच वेळी रोगाने ग्रस्त होतात. भूमीचा रस नष्ट होण्यापूर्वी औषधे गोळा करून ठेवावीत, असा आदेशही तेथे आहे. विकृत भूमीची लक्षणे सांगताना मूळचे वर्ण, गंध, रस व स्पर्श बदलणे, क्लेद वाढणे, पिके सुकणे वा नष्ट होणे, सर्प, डास, टोळ, माश्या व उंदीर यांची वाढ होणे अशी पाहून ओळखता येणारी चिन्हे दिली आहेत.

या चार भावांचा क्रमही अर्थपूर्ण आहे. वायूपेक्षा जल, जलापेक्षा देश आणि देशापेक्षा काल अधिक दुष्परिहार्य, म्हणजे टाळण्यास अधिक कठीण, असे आचार्य सांगतात. आजचा अनुभवही हाच आहे. धुराने भरलेली हवा वारा सुटला की काही तासांत निवळते. सांडपाणी थांबवले तर नदी काही ऋतूंत सावरू शकते. मृदेत मुरलेले शिसे मात्र मनुष्याच्या अनेक पिढ्या उलटल्या तरी तेथेच राहते.

मृदेचे आरोग्य म्हणजे काय?

मृदा म्हणजे खडकाचा चुरा नव्हे. खनिज कण, सेंद्रिय द्रव्य, पाणी, हवा आणि असंख्य जीव यांचा तो समुदाय आहे. चिमूटभर सुपीक मातीत कोट्यवधी जीवाणू असतात. बुरशी, शेवाळ, सूत्रकृमी व गांडुळे त्यांच्यासोबत नांदतात. पालापाचोळ्याचे पचन करून त्यातील अन्नांश मुळांना उपलब्ध करून देणे हे या जीवसृष्टीचे कार्य होय. आपल्या परिभाषेत बोलायचे तर हा भूमीचा अग्नी आहे, आणि सेंद्रिय द्रव्य हे त्याचे इंधन. काही बुरशी वनस्पतींच्या मुळांशी सख्य करून त्यांना स्फुरद पुरवतात. मृदेतील हे जीवन मंदावले की वनस्पती वाढते, पण पोषणासाठी बाहेरून घातलेल्या खतावर अवलंबून राहते.

महाराष्ट्रातील मृदा प्रामुख्याने दोन प्रकारच्या आहेत. दख्खनच्या पठारावरील काळ्या कातळापासून झालेली काळी जमीन चिकणमातीने समृद्ध असते. तिच्यात चुनखडी असते, सामू बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो आणि धातूंचे कण धरून ठेवण्याची तिची क्षमता मोठी असते. कोकणातील जांभ्यापासून झालेली तांबडी जमीन अतिपावसाने धुपलेली व आम्लधर्मी असते. तिची धारणक्षमता कमी असते. सामू म्हणजे आम्लता व विम्लता मोजण्याचे माप. ७ हा अंक उदासीन, त्याखाली आम्लता व त्यावर विम्लता. हा अंक औषधी वनस्पतींच्या दृष्टीने किती महत्त्वाचा आहे, हे पुढे स्पष्ट होईल.

वायू, जल व काल यांचा भूमीवर परिणाम

चार भावांपैकी इतर तिघांतील दोष अखेर भूमीत येऊन साठतात.

वायूतून येणारे दोष : वाहनांचा व कारखान्यांचा धूर, भट्ट्यांची काजळी व धूळ पावसाबरोबर जमिनीवर उतरते. आपल्या देशात पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची पद्धत १ फेब्रुवारी २००० पासून पूर्णतः बंद झाली. परंतु त्यापूर्वीच्या अनेक दशकांत धुरातून बाहेर पडलेले शिसे जुन्या, वाहत्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत आजही आहे, कारण शिसे मातीच्या वरच्या थरातच अडकून बसते व खाली झिरपत नाही. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याचे उद्योग जेथे चालतात, तेथील मातीही अशीच दूषित होते. दगडी कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसे व पारा यांचे अंश असतात, म्हणून औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेच्या तळ्यांभोवतालची वनस्पती तपासल्याशिवाय औषधात घेऊ नये.

जलातून येणारे दोष : शहरांच्या सांडपाण्यावर भाजीपाला व चारा पिकवण्याची पद्धत सर्वत्र आढळते. सांडपाण्यात अन्नांश असतात, म्हणून पीक जोमदार दिसते. पण त्यात कारखान्यांचे पाणी मिसळलेले असेल तर कॅडमियम, क्रोमियम, निकेल, शिसे हेही वर्षानुवर्षे साठत जातात. उत्तर प्रदेशात कानपूरजवळील जाजमऊ येथे चर्मोद्योगाच्या सांडपाण्यामुळे शेतजमिनीत क्रोमियम साठल्याचे उदाहरण सर्वश्रुत आहे. दुसरा दोष अतिसिंचनाचा. सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत कृष्णा, वारणा व पंचगंगा यांच्या काठी उसाला अमर्याद पाणी दिल्याने निचरा न होणाऱ्या काळ्या जमिनींत क्षार वर आले, आणि एके काळी कसदार असलेली शेते खारवट व चोपण झाली. चरकाचार्यांनी वर्ज्य सांगितलेली ऊषर भूमी ही केवळ निसर्गाची देन नाही. ती मनुष्य स्वतःही निर्माण करतो.

कालातून येणारे दोष : वाढत्या उष्म्याने सेंद्रिय द्रव्याचे विघटन वेगाने होते. दीर्घ अवर्षणानंतर थोड्या वेळात कोसळणारा पाऊस वरचा, सर्वांत कसदार थर वाहून नेतो. एक इंचभर माती घडण्यास शेकडो वर्षे लागतात आणि एका मुसळधार पावसात ती नदीला मिळते. आच्छादन नसलेल्या जमिनीत हे नुकसान सर्वाधिक होते.

मनुष्याने प्रत्यक्ष घातलेले दोष : यांत खते व कीटकनाशके प्रमुख होत. स्फुरदयुक्त खते ज्या खनिजापासून होतात, त्यात निसर्गतःच कॅडमियमचा अंश असतो, आणि तो खताबरोबर शेतात येतो. अमोनियायुक्त नत्रखतांच्या अतिवापराने जमिनीची आम्लता वाढते. द्राक्षबागांत मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षे फवारल्याने तांबे साठते व ते गांडुळांना अपायकारक ठरते. डीडीटीचा शेतीतील वापर आपल्याकडे १९८९ मध्ये, तर बीएचसीचा वापर १९९७ मध्ये बंद करण्यात आला. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये बंदी घातली. परंतु या वर्गातील रसायने मातीत अनेक वर्षे टिकतात, त्यामुळे बंदीची तारीख व भूमी शुद्ध झाल्याची तारीख एकच मानता येत नाही.

भूमीतून द्रव्यात

मातीत धातू आहे म्हणजे तो वनस्पतीत उतरेलच असे नाही. हे कोणत्या परिस्थितीत घडते, याचे पाच नियम अभ्यासकाने लक्षात ठेवावेत.

पहिला नियम सामूचा. माती आम्लधर्मी झाली की कॅडमियम, जस्त, शिसे हे विरघळून मुळांना सहज उपलब्ध होतात. सामू उदासीन अथवा किंचित विम्ल असेल, तर ते मातीच्या कणांना चिकटून राहतात. तेवढाच कॅडमियम काळ्या जमिनीत व कोकणच्या आम्ल जमिनीत असेल, तर दुसऱ्या ठिकाणचे द्रव्य अधिक दूषित होण्याची शक्यता असते.

दुसरा नियम क्षारांचा. खारवट जमिनीतील क्लोराइड कॅडमियमशी संयोग पावते आणि त्याचे मुळांकडे वहन वाढवते. ऊषर भूमीचा निषेध या दृष्टीनेही विचारात घेण्याजोगा आहे.

तिसरा नियम पाण्याचा. पाणथळ जागी मातीतील हवा संपते. तेव्हा कॅडमियम गंधकाशी बांधला जाऊन स्थिर होतो, पण आर्सेनिक मात्र लोहाच्या बंधनातून सुटून मोकळे होते. पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकयुक्त भूजलावर वाढलेल्या भातात हे विष उतरण्याचे एक कारण हेच आहे. म्हणून एकाच उपायाने सर्व धातू आवरता येत नाहीत.

चौथा नियम सेंद्रिय द्रव्याचा. चांगले कुजलेले शेणखत व पालापाचोळा धातूंना धरून ठेवतात. सेंद्रिय कर्ब खालावलेली जमीन या बाबतीत दुर्बल असते.

पाचवा नियम वनस्पतीच्या जातीचा व अंगाचा. शिसे बहुतांशी मुळातच अडकते. पानांवर आढळणारे शिसे बरेचसे धुळीतून बसलेले असते व ते धुण्याने कमी होते. कॅडमियम मात्र मुळातून पानांपर्यंत चढतो आणि तो धुऊन जात नाही. मूलद्रव्यांना चिकटलेली माती हा आणखी एक मार्ग. शतावरी, पुनर्नवा, अश्वगंधा यांची मुळे नीट न धुता वाळवली व कुटली, तर चूर्णात मातीही कुटली जाते.

काही वनस्पती धातू ओढून घेण्यात विशेष तत्पर असतात. मोहरी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण असून दूषित जमिनीची शुद्धी करण्यासाठी तिचा जगभर अभ्यास झाला आहे. जलब्राह्मी पाण्यातील तांबे व कॅडमियम शोषून घेते, हे भारतीय संशोधकांच्या प्रयोगांतून दिसून आले आहे. वाळा धूप थांबवण्यासाठी तसेच खाणींच्या ढिगाऱ्यांवर व सांडपाण्याच्या काठी मुद्दाम लावला जातो. भूमी शुद्ध करण्यासाठी या वनस्पतींचा उपयोग निश्चितच स्तुत्य आहे. पण त्या कामाला लावलेला वाळा पुढे उशीर म्हणून बाजारात आला, तर तो औषध राहत नाही. पाणी गाळलेले फडके कोणी प्याल्यात पिळत नाही. येथे तेच घडते.

द्रव्यातून शरीरात

जपानमधील तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या खोऱ्यात घडलेली घटना प्रत्येक वैद्याने अभ्यासावी. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कामिओका खाणीतून कॅडमियम पाण्यात आला, पाण्यातून भातशेतीच्या मातीत बसला, मातीतून तांदळात आणि तांदळातून शरीरात गेला. बाधितांत प्रौढ व बहुप्रसवा स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. वृक्कांची हानी होऊन अस्थी मृदू झाल्या, हालचालीनेही मोडू लागल्या आणि वेदनेच्या उद्गारावरूनच त्या व्याधीला इताई-इताई हे नाव पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणजन्य व्याधी असल्याचे मान्य केले. त्या खोऱ्यातील सुमारे ८६० हेक्टर शेतजमिनीची दुरुस्ती २०१२ मध्ये पूर्ण झाली. शासनाने कारण मान्य केल्यापासून जमीन दुरुस्त होईपर्यंत ४४ वर्षे गेली. देश हा भाव दुष्परिहार्य का म्हटला, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हास ठाऊक नाही.

कॅडमियम वृक्कांत १० ते ३० वर्षे राहू शकतो. शिसे अस्थींत दशकानुदशके साठून राहते आणि गर्भिणी अवस्थेत अस्थिधातूतून पुन्हा रक्तात उतरते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात वर्णिलेल्या दूषीविषाची येथे आठवण होते. अल्पवीर्य असल्याने तत्काळ न मारणारे, शरीरात वर्षानुवर्षे राहणारे आणि अनुकूल देश, काल व आहार मिळताच प्रकोप पावणारे असे ते विष आहे. दोन्ही एकच आहेत असा दावा आम्ही करीत नाही; पण हळूहळू साठणाऱ्या विषाकडे पाहण्याची दृष्टी आपल्या शास्त्रात आहे, हे निश्चित.

आता प्रत्यक्ष मात्रेचा हिशेब पाहू. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार वनस्पतिज द्रव्यांत शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३ पीपीएम, पारा १ पीपीएम आणि कॅडमियम ०.३ पीपीएम यांहून अधिक असू नये. पीपीएम म्हणजे दशलक्ष भागांतील एक भाग, अर्थात एक किलोग्रॅम द्रव्यात एक मिलिग्रॅम. १० पीपीएम शिसे असलेले चूर्ण प्रौढ रुग्णाने दररोज ६ ग्रॅम घेतले, तर त्याच्या पोटात दररोज ६० मायक्रोग्रॅम शिसे जाते. बालकाने २ ग्रॅम घेतले तर २० मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये आहारातून येणाऱ्या शिशासाठी संदर्भ पातळी ठरवली, ती बालकांसाठी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम व गर्भधारणेच्या वयातील स्त्रियांसाठी ८.८ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे आपल्या मर्यादेत उत्तीर्ण झालेले चूर्णही बालकाच्या बाबतीत त्या पातळीच्या नऊपट शिसे देऊ शकते. लहान मुलांचे आतडे प्रौढांपेक्षा चार ते पाच पट शिसे शोषून घेते, आणि शिशाचा सर्वांत गंभीर परिणाम होतो तो वाढत्या मेंदूवर. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक म्हणता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

यातील विसंगती वैद्याच्या मनाला बोचली पाहिजे. बालकाची मेधा वाढावी म्हणून आपण ब्राह्मी देतो. ही वनस्पती ओलसर, पाणथळ जागी वाढते आणि आज अशी जागा अनेकदा गावाच्या सांडपाण्याचा नाला असते. तेथील ब्राह्मी हिरवीगार व टवटवीत दिसते, चवीला तिक्त लागते, नाम-रूप-रस यांच्या सर्व परीक्षांत उतरते. तरीही तिच्यातून मेधेचा घात करणारे द्रव्य बालकाच्या पोटात जाऊ शकते. हा दोष भूमिपरीक्षेखेरीज इतर कोणत्याही शास्त्रोक्त परीक्षेत सापडत नाही.

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. यानंतर आपल्या शासनाने वनस्पतिज औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून अनिवार्य केली. त्या वेळी झालेल्या चर्चेत रसौषधे व काष्ठौषधे यांची सरमिसळ झाली. रसशास्त्रातील धातू हेतुतः घेतलेला असतो व त्यावर शोधन-मारणादी संस्कार सांगितलेले आहेत. त्याची सुरक्षितता हा स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. काष्ठौषधीत मातीतून आलेले शिसे मात्र अनाहूत, अशोधित व अमारित असते. कोणत्याही ग्रंथाचे त्याला समर्थन नाही.

मृदापरीक्षण : काय मिळते, काय मिळत नाही

फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र शासनाने मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू केली. तीत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन असे १२ घटक तपासले जातात. ही पत्रिका वैद्यालाही उपयुक्त आहे. सामू ६ च्या खाली असेल तर धातूंच्या शोषणाचा धोका ओळखावा. सामू ८.५ च्या वर असेल तर जमीन चोपण होत असल्याचा संशय घ्यावा. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांहून कमी असेल तर मृदा दुर्बल समजावी.

परंतु या १२ घटकांत शिसे, कॅडमियम, आर्सेनिक व पारा नाहीत. पत्रिकेचा हेतू पिकाचे पोषण हा आहे. त्यामुळे पत्रिका उत्तम असलेली जमीनही धातूंनी दूषित असू शकते. औषधी लागवडीसाठी जड धातूंची तपासणी स्वतंत्रपणे प्रयोगशाळेत करून घ्यावी लागते.

नमुना घेण्याची रीतही महत्त्वाची आहे. शेताच्या १० ते १५ ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन त्याच्या बाजूची माती खरवडावी, सर्व नमुने एकत्र मिसळावेत व चतकोर पद्धतीने सुमारे अर्धा किलो माती शिल्लक ठेवावी. बांध, झाडाखालची जागा, खताचा ढीग टाळावा. मूलद्रव्यांच्या लागवडीसाठी खालच्या थराचा नमुना वेगळा द्यावा. धातूंच्या तपासणीसाठी जस्ताचा मुलामा असलेली भांडी वा गंजलेली अवजारे वापरू नयेत.

वैद्याने काय करावे?

१. द्रव्य विकत घेताना उत्पत्तिस्थान विचारावे व ते नोंदवहीत लिहावे. उत्तर न देऊ शकणाऱ्या विक्रेत्याकडून निदान बालकांची, गर्भिणींची व दीर्घकाळ द्यावयाची औषधे घेऊ नयेत.

२. रस्त्याच्या, लोहमार्गाच्या, नाल्याच्या, कचरा डेपोच्या व कारखान्याच्या लगतची माका, पुनर्नवा, आघाडा, गोखरू, ब्राह्मी, तुळस कितीही जोमदार दिसली तरी घेऊ नये. सुश्रुताचार्यांचा मार्गविषयक निषेध अक्षरशः पाळावा.

३. दवाखान्याच्या अंगणात औषधी बाग असल्यास जुन्या भिंतींच्या रंगाची खपली तेथील मातीत पडत नाही ना, हे पाहावे. घरगुती रंगातील शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली. त्यापूर्वीच्या रंगात शिसे बरेच असू शकते. अशा जागी कुंडीत बाहेरची परीक्षित माती वापरणे श्रेयस्कर.

४. मुळे वाहत्या स्वच्छ पाण्यात घासून धुऊन मगच वाळवावीत. पाने दोनदा धुवावीत. डांबरी रस्त्यावर द्रव्ये वाळत घालू नयेत.

५. घनसत्त्व करताना विशेष सावध असावे. मोठ्या राशीतून थोडे सत्त्व निघते, तेव्हा द्रव्यातील धातू त्यात उतरला तर त्याचे प्रमाणही वाढते. तपासणी कच्च्या द्रव्याची व सत्त्वाची, अशी दोन्ही करावी.

६. लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांशी थेट संबंध ठेवावा. आम्ल जमिनीत चुना, चोपण जमिनीत जिप्सम व निचऱ्याचे चर, सर्वत्र कुजलेले शेणखत आणि ताग वा धैंचा यांचे हिरवळीचे खत, असे उपाय कृषितज्ज्ञांच्या सल्ल्याने योजता येतात. शहरी कचऱ्याचे खत मात्र धातूंची तपासणी झाल्याखेरीज औषधी पिकाला घालू देऊ नये.

७. भूमी धातूंनी दूषित असल्याचे सिद्ध झाले, तर तेथे औषधी लागवड सोडून द्यावी. द्रव्य धुऊन, उकळून वा भावना देऊन आत शिरलेला धातू नाहीसा होईल, या भरवशावर राहू नये.

एकेकट्या वैद्याला तपासणीचा खर्च परवडत नाही, ही अडचण खरी आहे. म्हणून तालुक्यातील पाच-दहा वैद्यांनी एकत्र येऊन एकाच शेतकरी गटाकडून द्रव्ये घ्यावीत व नमुन्यांची तपासणी सामायिक खर्चाने करावी, अशी आमची सूचना आहे. संघटनेच्या जिल्हा शाखांनी हे कार्य हाती घेतल्यास ते सहज साध्य होईल.

समारोप

विषाने दूषित झालेल्या भूमीची लक्षणे व तिच्या शुद्धीचे उपाय सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात सांगितले आहेत. भूमी रुग्ण होऊ शकते व तिची चिकित्सा करावी लागते, ही कल्पना आपल्याला नवी नाही. जनपदोद्ध्वंसाचे मूळ अधर्मात व त्याचे मूळ प्रज्ञापराधात आहे, असे आत्रेय सांगतात. नाल्यात विष सोडणारा आणि त्या काठची वनस्पती उपटून विकणारा यांचा प्रज्ञापराध उघड आहे. परंतु विचारता येण्यासारखा प्रश्न न विचारता तेच द्रव्य रुग्णाच्या हाती ठेवणाऱ्या वैद्याचाही त्यात वाटा राहतो. रुग्णाला नाला दिसत नाही, मातीही दिसत नाही. त्याला फक्त वैद्याची पुडी दिसते आणि तिच्यावर त्याचा विश्वास असतो. त्या विश्वासाला पात्र राहण्यासाठी द्रव्याच्या परीक्षेत भूमीची परीक्षा नित्य व्हावी, इतकीच वाचकांस विनंती.